किडे पडू नयेत म्हणून काय घ्यावं: पावडर, स्प्रे, पंप की कातर?

होळी झाली की खान्देशात मेंढ्यांची कातरणी उरकते. आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीया) वाडे, म्हणजे मेंढ्यांच्या कळपांचे मुक्काम, पऱ्हाटीच्या मोकळ्या रानात बसलेले असतात आणि जनावरांच्या मेडिकलवर एकच मागणी सुरू होते, "किडे पडल्याचं औषध द्या." किडे पडणं म्हणजे माशीच्या अंड्यांतून अळ्या निघून त्या जनावराचं अंग खाणं. दुकानदार जे पुढे करतो ते बहुतेक वेळा बरोबरच असतं, पण ते किडे पडल्यावरचं असतं. पडूच नयेत म्हणून काय घ्यावं, हा प्रश्न वेगळा आणि त्याचं उत्तरही वेगळं. साक्री, शिंदखेडा, पारोळा, चाळीसगाव या पट्ट्यात जे काही विकलं आणि वापरलं जातं, ते इथे एकाच कसोटीवर पाहिलं आहे: माशीने अंडी घालायच्या आधी ही वस्तू कामाला येते का, किती दिवस येते, आणि शंभर-दीडशे मेंढ्यांच्या वाड्यावर ती वापरणं जमतं का.

आधी माशी ओळखायला हवी, नाहीतर पैसे चुकीच्या बाटलीवर जातात. मेंढीला छळणाऱ्या माश्या मुख्यतः दोन. पहिली जिवंत मांसात वाढणारी, शास्त्रीय नाव क्रायसोमिया बेझियाना. निळसर-हिरवी, चमकदार, घरमाशीपेक्षा मोठी. ती मेलेल्या जनावरावर अंडी घालत नाही. तिला जिवंत अंगावरची जखमच लागते, मग ती गोचिडाच्या चाव्याएवढी का असेना. जखमेच्या कडेला, कोरड्या जागी ती एका बैठकीत दीडशे-दोनशे अंडी चिकटवते, आणि हे काम बहुधा दिवस कलताना करते. बारा ते चोवीस तासांत अळ्या निघतात, डोकं आत खुपसतात आणि पाच-सात दिवस खात खात खोल उतरतात. अशी जखम फाकवून पाहिली तर अळी आख्खी दिसतच नाही. दिसतात ती तिची मागची टोकं, एकमेकींना चिकटून खिळ्यांसारखी ठोकलेली, मधूनच वळवळणारी, कारण श्वास त्या टोकानेच चालतो. वाढ पुरी झाली की अळ्या खाली मातीत पडतात आणि तिथे कोष करतात.

दुसरी ल्युसिलिया, साधी हिरवी माशी. तिला जखम लागतेच असं नाही. हगवणीने किंवा लघवीने भिजलेली, कुबट वासाची लोकर तिला पुरते.

आता उन्हाळ्याचं गणित बघा. वैशाखात पारा बेचाळीस-चव्वेचाळीसवर गेला की उघड्या माळावर माशी कमी होते, कारण कोरड्या उन्हात अंडी सुकून जातात. म्हणून माणूस गाफील राहतो. पण रावेर, यावल, चोपड्याकडे वाडा केळीच्या बागेशेजारी किंवा पाटाच्या कडेला बसला असेल तर तिथे सावलीही असते आणि ओलही. माशी तिथे तग धरून असते. वळवाच्या दोन सरी पडल्या की ती एकदम वाढते. म्हणजे तयारी व्हायला हवी ती आखाजी ते मिरीग (मृग नक्षत्र) या दरम्यान. मिरगाचा पाऊस पडल्यावर मेडिकलला धावून काय उपयोग?

आणि याच दिवसांत जखमा सगळ्यात जास्त होतात. कटरने कापलेल्या पऱ्हाटीचे खुंट तिरपे, भाल्यासारखे उभे राहतात आणि कासेला, मांडीच्या आतल्या बाजूला, खुराच्या वर लागतात. वेड्या बाभळीचा काटा आत मोडतो. गोचीड ओढून काढली की तिच्या जागी रक्ताचा थेंब राहतो. नर झुंजले की शिंगाचं मूळ फुटतं. कानात बिल्ला मारला की भोक आठ-दहा दिवस ओलं राहतं. हे भोक सगळ्यात जास्त विसरलं जातं. या प्रत्येक जागी त्याच दिवशी काय लावता, यावर पुढचं सगळं ठरतं.

सर्वात उपयोगी वस्तू म्हणून आमचं मत पडतं ते जखमेवर भुरभुरायच्या पिवळसर-पांढऱ्या पावडरीला. बाजारात नेगासंट या नावाने ओळखली जाते ती हीच. घटक तीन: कौमाफॉस ३ टक्के, प्रोपॉक्सर २ टक्के, सल्फानिलामाइड ५ टक्के. पहिले दोन अळी-माशी मारणारे, तिसरा जखमेत पू होऊ न देणारा. हिचा खरा गुण असा की ताज्या, उथळ जखमेवर ती चिकटून बसते आणि माशीने कडेला अंडी घातली तरी निघालेली अळी आत शिरण्याआधी मरते. पण लावण्यात लोक एक चूक नेमाने करतात: पावडर जखमेच्या मधोमध टाकतात आणि कड तशीच सोडतात. माशी बसते कडेला. म्हणून आधी जखमेभोवतीची दोन बोटं लोकर कातरून टाकावी, रक्त-पाणी स्वच्छ कापडाने टिपावं, मग जखम आणि भोवतालची दोन बोटं कातडी असं दोन्ही झाकेल इतकी पावडर भुरभुरावी. रोज एकदा, खपली धरेपर्यंत. ढीग करायची गरज नाही. कातडी फिकट दिसेल इतका थर पुरे.

उणिवाही सांगायला हव्यात. खोल, अरुंद तोंडाच्या जखमेत पावडर तळापर्यंत पोचत नाही. वरच्या अळ्या मरतात, खालच्या खात राहतात, आणि वरून मात्र जखम शांत झाल्यासारखी वाटते. मेलेल्या अळ्या चिमट्याने काढल्या नाहीत तर त्या आतच कुजतात आणि त्या वासाने नव्या माश्या येतात. पावसाळी हवेत डबी उघडी राहिली की पावडरीचे खडे होतात आणि ती भुरभुरत नाही, म्हणून डबी झाकणबंद ठेवून वर प्लास्टिकची पिशवी बांधावी. सगळ्यात महत्त्वाचं: कौमाफॉस आणि प्रोपॉक्सर दोन्ही विषारी आहेत. मेंढीला जीभ पोचेल अशा जागी, कासेवर किंवा लहान कोकराच्या मोठ्या उघड्या जखमेवर ही पावडर मारू नये. त्याच आठवड्यात गोचिडासाठी त्याच जातीचं दुसरं औषध फवारलं असेल तर दोन्ही विषं एकत्र होतात. तोंडातून सारखी लाळ, डोळ्याची बाहुली बारीक, अंगाला थरथर, धाप, ही विषबाधेची खूण. तेव्हा घरचे उपाय करत बसू नका. डॉक्टरकडचं अॅट्रोपिनचं इंजेक्शन वेळेत मिळालं तर जनावर वाचतं. पावडर लावताना हातात मोजे हवेत, नसतील तर साधी प्लास्टिकची पिशवी हाताला गुंडाळा, आणि साबणाने हात धुतल्याशिवाय तंबाखूची डबी उघडू नका.

कास आणि कोकरू यांच्यासाठी वनौषधीचा स्प्रे घ्यावा. कडुनिंब, करंज, हळद, कापूर, निलगिरी अशी तेलं असलेले बरेच स्प्रे मिळतात. ते माशी मारत नाहीत, हुसकावतात, आणि वास टिकतो तोवरच. कडक उन्हात सकाळी मारलेला दुपारी संपलेला असतो. म्हणून दिवसातून दोनदा, आणि त्यातलं एक मारणं तिसऱ्या प्रहरी, माशी अंडी घालायला निघते त्याच्या आधी. एवढं पाळलं तर हा स्प्रे पैसे वसूल करतो; एकदा मारून सोडणाऱ्याने घेऊच नये. गॅसच्या डब्यापेक्षा हाताने दाबायचा पंप असलेली बाटली बरी. गॅसचा डबा उन्हात किंवा तापलेल्या पालात राहिला तर फुटू शकतो, आणि त्याचं तोंड तेलाने चोंदलं की निम्मं औषध आतच राहतं. त्याच्या आवाजाने मेंढी बुजते ते वेगळंच.

आता पंपाचं औषध. डेल्टामेथ्रिन १.२५ टक्के, म्हणजे एका मिलिलिटरला १२.५ मिलिग्रॅम. ब्यूटॉक्स म्हणून सगळे मागतात ते. एक लिटर पाण्यात २ मिली टाकलं की लिटरला २५ मिलिग्रॅमचं पाणी होतं. पंधरा लिटरच्या पंपाला ३० मिली. नेमकं प्रमाण बाटलीवरच्या कागदात ज्या किडीसाठी दिलं असेल तेच धरावं. ताज्या कातरलेल्या मेंढीला अंग भिजायला साधारण दीड लिटर पाणी लागतं. म्हणजे शंभर मेंढ्यांना दीडशे लिटर पाणी, पंधरा लिटरचे दहा पंप आणि ३०० मिली औषध. हा हिशोब आधी मांडला तर कळतं की एका छोट्या बाटलीत सगळा वाडा "मारून" झाला असं कुणी म्हणत असेल तर त्या मेंढ्यांच्या फक्त लोकरीच्या टोकांवर दव पडलंय. तपासायची रीत सोपी आहे. फवारल्यावर मांडीच्या मागची लोकर दोन अंगठ्यांनी फाका आणि कातडीला बोट लावा. बोट कोरडं आलं तर औषध वाया गेलं. म्हणूनच हे औषध कातरणीनंतर आठ-पंधरा दिवसांनी, काप भरल्यावर मारायचं असतं. लोकर वाढल्यावर त्याचा अर्धाही गुण राहत नाही.

फवारणी सकाळी नऊच्या आत, मेंढ्यांना पाणी पाजून झाल्यावर. तहानलेली मेंढी अंग चाटते. धापा टाकणाऱ्या जनावरावर भर दुपारी पंप धरू नये. पाजती मेंढी फवारली तर अंग सुकेपर्यंत कोकरू वेगळं ठेवावं आणि सोडण्याआधी कास पुसावी. उरलेलं पाणी किंवा पंप धुतलेलं पाणी पांझरेत, गिरणेत, शेततळ्यात जाऊ देऊ नका. या जातीच्या औषधाने मासे तात्काळ मरतात.

संरक्षण किती दिवस? पंधरवड्याच्या पुढे धरू नये, आणि मध्ये जोराचा पाऊस झाला तर तेवढंही नाही. ओल्या लोकरीवर येणाऱ्या हिरव्या माशीला आणि गोचिडीला हे औषध चांगलं रोखतं. पण उघड्या जखमेवर येणाऱ्या माशीला एकट्या फवारणीने थोपवता येत नाही. जखम झाली की पावडर किंवा स्प्रे लागणारच. गोचीड कमी झाली की गोचिडीच्या जखमा कमी होतात, हा त्याचा आडवळणाने होणारा फायदा मात्र मोठा आहे.

इथे एक कळकळीची विनंती. कपाशीवर मारायचं औषध मेंढीवर मारू नका. शेतीचं डेल्टामेथ्रिन सर्रास २.८ टक्क्यांचं मिळतं, म्हणजे जनावराच्या औषधापेक्षा सव्वादोन पट तिखट, आणि त्यातली द्रावणं जनावराच्या कातडीसाठी केलेलीच नसतात. क्लोरपायरीफॉस, मोनोक्रोटोफॉस यांचं तर नावही वाड्यावर नको. औषध बरोबर पण पंप कपाशीचा, हेही तितकंच घातक; तणनाशकाचा अंश राहिलेल्या पंपाने अंगाची आग होते. मेंढ्यांचा पंप वेगळा ठेवा, त्यावर रंगाने खूण करा. जुनी माणसं अजूनही गॅमेक्झिन मागतात. त्यावर १९९७ पासून बंदी आहे, ते कुणी पुडीत बांधून दिलं तरी घेऊ नये. फिनाईल आणि रॉकेल जखमेत ओतणंही बंद करावं. अळ्या मरतात खऱ्या, पण जिवंत मांसही भाजतं, जखम दुप्पट दिवस ओली राहते आणि तितके दिवस माशीला आमंत्रण.

आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन अनेक जण दर महिन्याला सरसकट टोचतात. एक टक्क्याचं औषध ५० किलो वजनाला १ मिली, कातडीखाली. आपली दख्खनी मेंढी तीस किलोच्या आसपास, म्हणजे ०.६ मिली. पाच मिलीच्या सिरिंजने अंदाजे टोचलं तर दीडपट-दुप्पट सहज जातं, म्हणून एक मिलीची सिरिंजच वापरावी. हे औषध कोवळ्या अळ्यांवर चालतं, मोठ्या झालेल्या अळ्यांवर भरवसा नाही. किडे पडलेल्या मेंढीला जखम साफ करून जोडीला द्यायला ते चांगलं आहे. अख्ख्या वाड्याला प्रतिबंध म्हणून दर महिन्याला देणं मात्र आम्हाला पटत नाही: पोटातले जंत त्या औषधाला सरावतात, आणि पुढे जंतासाठी खरी गरज पडेल तेव्हा ते चालत नाही. मांसासाठी किती दिवस थांबायचं ते बाटलीवर लिहिलेलं असतं. बकरी ईदच्या बाजाराला न्यायचा नर असेल तर ती मुदत मोजूनच टोचा. खाणाऱ्याच्या ताटात औषध जाऊ देणं हा धंद्याचा धर्म नाही.

माश्या पकडायच्या बाटल्यांबद्दल थोडक्यात. सडक्या मासळीचं आमिष घातलेली बाटली दोन दिवसांत माश्यांनी भरते आणि पाहून बरं वाटतं. पण त्यात येतात त्या मढ्यावर बसणाऱ्या माश्या. जिवंत जखम शोधणाऱ्या माशीला सडक्या मासळीचं आकर्षण नसतं. बाटली भरली म्हणून मेंढ्या पाहणं थांबवलं तर नुकसानच. घेऊ नये.

सीताफळाचा पाला वाटून जखमेत भरणं हा जुना आणि खरा उपाय आहे, अळ्या मरतात. अडचण एवढीच की ऐन उन्हाळ्यात पाला मिळणं मुश्कील, आणि तोही पडल्यावरचाच इलाज. बियांची पूड मात्र डोळ्याजवळ अजिबात नको, डोळा कायमचा जाऊ शकतो. टर्पेंटाईन तेल हे अळ्या बाहेर काढायला अजूनही सगळ्यात स्वस्त: कापसाचा बोळा भिजवून जखमेच्या तोंडाशी धरला की हवेसाठी अळ्या वर येतात आणि चिमट्याने निघतात. मग लिटरभर पाण्यात एक ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट टाकून जखम धुवावी, पोव्हिडोन आयोडीनचं मलम भरावं, कडेला पावडर. टर्पेंटाईन आत सोडून जखम बंद करू नये, मांस सोलून निघतं. काढलेल्या अळ्या मातीत टाकल्या तर दोन आठवड्यांत त्यांच्याच माश्या परत येतात. डब्यात गरम पाणी किंवा रॉकेल घेऊन त्यात टाका.

शेवटी कातर, आणि खरं तर हिच्यावरच सगळ्यात जास्त पैसे घालावेत. गावातल्या लोहाराने पाणी दिलेली दोन पात्यांची हातकातर बॅटरीच्या मशीनपेक्षा दख्खनी लोकरीला सरस ठरते. आपल्या मेंढीची लोकर जाड, भरड, तिच्यात वाळू आणि गोखरू भरलेले; मशीनचं पातं दहा-वीस मेंढ्यांत बोथट होतं, तापतं, आणि तापलेलं पातं कातडी ओढून कापतं. मशीन घ्यायचंच तर फक्त मागचा भाग साफ करण्यासाठी घ्या आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी पात्यात तेल सोडा. हातकातर बोथट झाली की तीही कापते, म्हणून वीस-पंचवीस मेंढ्यांनंतर दगडावर लावावी. कातरताना कातडी डाव्या हाताने ताणून धरायची. सुरकुतीत पातं गेलं की काप पडलाच. काप पडला की पुढच्या मेंढीला हात घालण्याआधी त्याच्यावर पावडर.

होळीच्या कातरणीनंतर वैशाखअखेर मागची लोकर पुन्हा एकदा साफ करावी. शेपटीच्या मुळावर चार बोटं, दोन्ही मांड्यांच्या मागून खाली गुडघ्यापर्यंत, मेंढीच्या योनीभोवती, नराच्या लिंगाच्या टोकाभोवती. एका मेंढीला दोन-तीन मिनिटं. ही एवढी पट्टी मोकळी असली की हगवण लागली तरी लेंडी-पाणी लोकरीत अडकत नाही आणि हिरव्या माशीला बसायला जागाच राहत नाही. परदेशात यासाठी शेपटी छाटतात. दख्खनी मेंढीची शेपटी मुळात आखूड आणि बारीक आहे, ती छाटणं म्हणजे नवी जखम विकत घेणं. हगवणीचं मूळही पाहावं: कांद्याची पात, नुसता केळीचा पाला, पावसानंतरचा कोवळा चारा एकदम पोटभर देऊ नये, आणि मिरगाआधी फेनबेंडाझोल हे जंताचं औषध किलोला ५ मिलिग्रॅम द्यावं, म्हणजे तीस किलोच्या मेंढीला १५० मिलिग्रॅमची एक गोळी.

काळ्या लोकरीवर ओला डाग दिसत नाही, हे दख्खनीच्या बाबतीत कायम लक्षात ठेवायला हवं. पांढऱ्या मेंढीवर जो डाग दुरून ओळखू येतो तो इथे हाताला आणि नाकालाच कळतो. संध्याकाळी वाघुरीत (जाळ्याच्या कुंपणात) घेताना मोजणी होतेच, त्याच वेळी प्रत्येकीच्या शेपटीखाली आणि शिंगामागे हात फिरवावा. कळपातून मागे राहणारी, पाय आपटणारी, मान वळवून स्वतःची मांडी चावणारी, चरताना मध्येच धावत सुटणारी मेंढी त्याच दिवशी धरून पाहावी, उद्यावर टाकू नये. अंड्यातून अळी निघायला लागतात फार तर चोवीस तास. जखम डोळा, नाक, कास किंवा खुराच्या आत गेली असेल, किंवा बोट घातल्यावर तळ लागत नसेल, तर पावडर भरून वाट पाहू नका. १९६२ वर फोन करून फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला बोलवा, आणि येईपर्यंत मेंढीला सावलीत, माश्यांपासून आडोशाला, भिजवलेल्या गोणपाटामागे बांधून ठेवा.